पाच शीलं आणि बत्तीस मीटर साखळी

वाचकांचे प्रश्न : समुद्र, शिडं, भटकंती

गेल्या अंकात क्लाइडच्या आखाताबद्दल लिहिताना मी होली आइलचा ओझरता उल्लेख केला, आणि नंतर आलेली निम्मी पत्रं त्या एवढ्याशा बेटावरच येऊन थांबली. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी : स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला ॲरन नावाचं मोठं बेट आहे, त्याच्या पूर्वेला लॅमलॅशचा उपसागर, आणि त्या उपसागराच्या तोंडाशी दार लोटल्यासारखं आडवं पडलेलं हे होली आइल. लांबी तीनेक किलोमीटर, रुंदी जेमतेम एक. १९९२ पासून ते तिबेटी बौद्ध संघाकडे आहे. आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत.

प्रश्न : ताई, माझ्या ऑफिसातल्या मित्राची एकतीस फुटी शिडाची बोट आहे. ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी आर्ड्रॉसनहून निघायचं, होली आइल बघायचं आणि रात्रीच्या आत परत, असा त्याचा बेत आहे. मी आणि बायको पहिल्यांदाच शिडाच्या बोटीत बसणार. हे जमण्यासारखं आहे, की तो नुसती हवा करतोय?
— ग्लासगोहून एक वाचक

उत्तर : हवा करत नाहीये, पण हवेचा विचारही करत नाहीये. नकाशावर पट्टी ठेवली तर मुख्य भूमीवरचं आर्ड्रॉसन बंदर ते ॲरनवरचं लॅमलॅश गाव हे अंतर बारा सागरी मैलांच्या आसपास भरतं. तेवढी बोट बऱ्या वाऱ्यात पाच नॉटने, म्हणजे तासाला पाच सागरी मैल जाते; अडीच तास झाले. आता पट्टी तशीच ठेवून दिशा बघा. आर्ड्रॉसनहून होली आइल जवळजवळ नेमकं नैऋत्येला आहे. आणि या किनाऱ्यावर वारा बहुतेक वेळा कुठून येतो? नैऋत्येकडूनच.

शिडाची बोट वाऱ्याच्या थेट तोंडात जाऊ शकत नाही. वाऱ्याशी पंचेचाळीस अंशांचा कोन धरून आधी एका अंगाला जायचं, मग वळवून दुसऱ्या अंगाला, असं नागमोडी चढत जावं लागतं. त्यात बारा मैलांचे सतरा होतात, समोरच्या लाटांमुळे वेग उतरतो, आणि बोट सगळा वेळ एका कुशीवर कललेली असते. म्हणजे जाताना चार-साडेचार तास तोंडावर पाणी आणि येताना वारा पाठीशी घेऊन अडीच तास. सातएक तास समुद्रातच गेले. मधे बेटासाठी उरतो तो एखाद्या तासाचा तुकडा, तोही घड्याळाकडे बघत. तुमच्या बायकोने त्यानंतर पुन्हा बोटीत पाय ठेवला नाही, तर मी तिला दोष देणार नाही.

मित्राला दोन गोष्टी सुचवा. पहिली, निघायचंच तर ट्रूनहून निघा. ट्रून दक्षिणेला आहे, तिथून होली आइल जवळजवळ सरळ पश्चिमेला येतं. अंतर दोनतीन मैलांनी वाढतं, पण नैऋत्येचा वारा डाव्या अंगाला पुढून लागतो आणि शिडं घट्ट ओढून का होईना, वळणं न घेता एका दमात जाता येतं. ट्रूनबाहेर लेडी आइल नावाचा खडकाळ तुकडा आहे, त्याच्यापासून अंतर ठेवायचं. बाकी वाटेत खुलं पाणी. ॲरनवरच्या ब्रॉडिक बंदराच्या फेरीबोटी आडव्या जातात. त्या मोठ्या आहेत, वेगात असतात. हक्क कुणाचा हा वाद त्यांच्याशी घालू नये.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची : रात्र लॅमलॅशला काढा. बेत बेटाभोवती आखू नका, उपसागराभोवती आखा. शनिवारी आरामात पोचायचं, मुक्काम करायचा, रविवारी सकाळी बेटावर जायचं आणि दुपारच्या वाऱ्यावर परत. रविवारी हवा बिघडली तर बोट तिथेच ठेवून लॅमलॅशहून बस आणि फेरीने घरी जाता येतं. सोमवारच्या मीटिंगसाठी अंगावर येणाऱ्या वाऱ्यात निघालेली माणसं मी बघितली आहेत. मीटिंगा त्यांच्यावाचूनही झाल्या असत्या.

लॅमलॅशला शिरायला दोन तोंडं आहेत, बेटाच्या उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक. पूर्वेकडून येणाऱ्याला उत्तरेचं सोयीचं. फक्त ॲरनच्या बाजूला, क्लॉकलंड्स टोकाजवळ हॅमिल्टन रॉक आहे, तिकडे कलू नका. आत गेलात की पाणी एकदम निवळतं. १२६३ साली नॉर्वेचा राजा हाकोन लार्ग्जच्या लढाईआधी आपलं आरमार घेऊन याच आडोशाला थांबला होता, आणि पुढे ब्रिटिश नौदलानेही ही जागा वापरली. इतक्या लोकांनी निवडलेली जागा एकतीस फुटी बोटीला पुरते.

गावासमोर पाहुण्या बोटींसाठी मुरिंगचे बॉये, म्हणजे बोट बांधायचे तळाशी जखडलेले तरंगते गोळे आहेत. ते मोकळे नसले तर नांगर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नवख्या मंडळींची झोप इथेच उडते. समजा तुम्ही ओहोटी पूर्ण लागलेली असताना पोचलात आणि खोली मापक चार मीटर दाखवतोय. उधाणाच्या दिवसांत इथे भरती-ओहोटीतला फरक तीन मीटरच्या जवळ जातो. म्हणजे रात्री त्याच जागी सात मीटर पाणी असेल. त्यात बोटीचं नाक पाण्यापासून मीटरभर वर धरा : आठ. साखळी त्याच्या चौपट सोडायची, म्हणजे बत्तीस मीटर. चारच्या हिशोबाने वीस मीटर सोडून जो झोपतो, तो भरती चढल्यावर हळूहळू शेजारच्या बोटीकडे सरकू लागतो. साखळी सोडून झाली की इंजिन उलटं चालवून नांगर नीट रुतला का ते बघायचं, आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवायच्या. अर्ध्या तासाने त्या तशाच रेषेत असतील तर स्वयंपाकाला लागा.

पश्चिमेचा वारा जोरात असेल तर तो ॲरनच्या डोंगरांवरून एकसारखा न येता झोताझोताने खाली कोसळतो. म्हणून शीड आधीच आवरून लहान करा, झोत आल्यावर नव्हे. आणि वारा पूर्वेचा किंवा आग्नेयेचा जोरात सांगितला असेल तर बेत सरळ पुढे ढकला, कारण तेव्हा दोन्ही तोंडांतून लाटा आत येतात आणि रात्रभर भांडी वाजतात. अंदाज बघताना किनाऱ्यालगतच्या पाण्याचा ‘मल ऑफ गॅलोवे ते मल ऑफ किंटायर’ हा भाग बघायचा. क्लाइडचं आखात त्यात येतं.

बायकोसाठी : जीन्स नको, भिजली की वाळत नाही. ऑगस्टमध्येही इथलं पाणी चौदा अंशांच्या आसपास असतं, तेव्हा लाइफजॅकेट अंगावर, कपाटात नव्हे. मळमळायला लागलं तर आत जाऊन आडवं पडू नका. मित्राला सांगा, सुकाणू तिच्या हातात दे. क्षितिजाकडे बघत बोट चालवणाऱ्याला सहसा कमी त्रास होतो. आमच्या घरातल्या एका माणसाचं अख्खं नौकानयन या एका उपायावर उभं आहे.

प्रश्न : आमचं घराणं १९५६ पासून बौद्ध. आजोबा नागपूरला दीक्षाभूमीवर होते. घरात रोज त्रिसरण-पंचशील होतं, पण लामा, मंत्र, प्रार्थनाचक्रं यांच्याशी आमचा संबंध नाही, आणि खरं सांगायचं तर बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितलं त्यातलंच काही तिथे दिसेल अशी शंका येते. तरीही बेटावर जावंसं वाटतं. आम्हाला तिथे परकं वाटेल का?
— लीड्सहून एक वाचक

उत्तर : मी स्वतः बौद्ध नाही, हे आधी सांगते, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल.

शंका रास्त आहे. होली आइल हे साम्ये लिंग मठाचं बेट. हा मठ १९६७ साली स्कॉटलंडच्याच दक्षिण भागात, एस्कडेलम्युअरला, तिबेटमधून परागंदा झालेल्या अकाँग रिंपोछे आणि चोग्याम त्रुंग्पा यांनी सुरू केला. परंपरा कर्म काग्यू, म्हणजे तिबेटी वज्रयान. तिच्यात गुरूचं स्थान फार वरचं असतं, दिवंगत लामाचा पुनर्जन्म लहान मुलात ओळखण्याची प्रथा आहे, तारा आणि इतर देवतांचं ध्यान आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या माणसाला यातल्या बऱ्याच गोष्टी खटकतील. खटकू द्या. तुम्ही पाहुणे म्हणून जाताय, दीक्षा घ्यायला नाही. दिवसभरासाठी येणाऱ्याकडून कुणी काही म्हणवून घेत नाही.

बेट घेतलं ते अकाँग रिंपोछे यांचे धाकटे भाऊ लामा येशे लोसाल यांच्या पुढाकाराने. आधीची मालकीण श्रद्धाळू कॅथलिक होती, आणि मेरीमातेने स्वप्नात येऊन बेट या लामांना द्यायला सांगितलं, अशी हकिकत तिथे सांगतात. स्वप्नावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. व्यवहार मात्र खरा झाला. उत्तर टोकाला जागतिक शांती आणि आरोग्य केंद्र आहे, तिथे कुठल्याही धर्माचा किंवा धर्म न मानणारा माणूस शिबिराला येऊ शकतो. दक्षिण टोकाला दीपस्तंभाच्या जुन्या घरांत दीर्घ एकांतसाधनेला बसणाऱ्या स्त्रियांची जागा आहे. अशी साधना वर्षानुवर्षं चालते. तो भाग पाहुण्यांना बंद आहे. फाटकाशी उभं राहून आत डोकावू नका, फोटो तर नकोतच.

आता तुम्हाला ओळखीचं काय भेटेल ते. बेटावर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाने तिथे असेपर्यंत पाच नियम पाळावेत अशी विनंती असते : जीव घ्यायचा नाही, न दिलेलं घ्यायचं नाही, खोटं बोलायचं नाही, कामवासनेतून कुणाला दुखवायचं नाही, नशा करायची नाही. हे तुमच्या घरी लहान मूलसुद्धा पालीत घडाघडा म्हणत असेल. इतर पाहुणे ती पाटी थांबून वाचतात, काही जण शेवटच्या ओळीशी जरा जास्त वेळ थांबतात. तुम्हाला ती वाचावी लागणार नाही.

धक्क्यापासून दक्षिणेकडे पश्चिम किनाऱ्याने पायवाट जाते. समुद्र उजव्या हाताला ठेवून चालायचं. वाटेत कड्यांच्या दगडांवर तिबेटी पद्धतीची रंगीत चित्रं आहेत : बुद्ध, तारा, जुने काग्यू आचार्य. ओलसर हवेत, शेवाळलेल्या करड्या दगडावर ते निळे-हिरवे रंग कसे दिसतात ते मी लिहून दाखवू शकत नाही. मला ते देवळातल्या चित्रांपेक्षा जास्त आवडतात, कारण त्यांच्यावर पाऊस पडतो. साधारण मध्यावर संत मोलाइजची गुहा लागते. हा सहाव्या-सातव्या शतकातला आयरिश ख्रिस्ती संत इथे एकांतात राहिला, अशी परंपरा आहे. बेटाचं पावित्र्य त्याच्यापासूनचं, लामा फार नंतर आले. गुहेच्या भिंतीवर नॉर्स लोकांनी रुनिक लिपीत कोरलेली नावं आहेत. त्यांतलं एक विग्लेइक याचं, तो हाकोन राजाचा सरदार होता. एवढी मोठी स्वारी, आणि भिंतीवर काय कोरलं, तर ‘विग्लेइकने कोरलं’. आपल्याकडच्या किल्ल्यांवर नावं कोरणाऱ्यांना मी शिव्या घालते, पण साडेसातशे वर्षं झाली की माझंही मत मवाळ होतं असं दिसतं.

जाताना एखादी गोष्ट मनात धरून जायची असेल तर ही धरा : तिथल्या लोकांनी बेटावर हजारो देशी झाडं लावली आहेत. बंदीशिवाय, उपदेशाशिवाय, फावडं घेऊन. त्यावर तुमचं आणि त्यांचं दुमत होणार नाही.

प्रश्न : बोटीतून जातोच आहोत तर गळ टाकून दोन बांगडे धरावेत आणि नांगरावर मस्त तिखलं करावं, असा विचार आहे. परवाना लागतो का?
— एडिनबराहून एक मालवणी वाचक

उत्तर : स्कॉटलंडच्या समुद्रात हौसेने गळ टाकायला परवाना लागत नाही. पण जिथे तुम्ही नांगर टाकणार, त्याच्या उत्तरेच्या पाण्यात, ॲरन आणि होली आइलच्या मधे, २००८ पासून कुठल्याही प्रकारची मासेमारी बंद आहे. जाळं नाही, पिंजरा नाही, हातातला गळसुद्धा नाही. स्कॉटलंडमधलं असं हे पहिलं क्षेत्र, आणि ते सरकारच्या डोक्यातून आलेलं नाही. ॲरनच्या रहिवाशांनी १९९५ साली संस्था काढली आणि तेरा वर्षं पाठपुरावा करून ते मिळवलं. तळ खरवडणाऱ्या जाळ्यांनी इथली शिंपल्यांची आणि माशांची वाट लागली होती. तळाशी मर्ल नावाचं गुलाबी, प्रवाळासारखं कडक शेवाळ असतं, ते वर्षाला मिलिमीटरभर वाढतं आणि त्याच्या फटींत शिंपल्यांची पिल्लं वाढतात. म्हणून नांगरही त्या पट्ट्यात टाकू नका, गावासमोरच टाका.

बांगडे हवेतच तर येताना मोकळ्या समुद्रात, ट्रून आणि बेटाच्या मधे धरा. जुलै-ऑगस्टात बऱ्याचदा लागतात. फक्त ते बेटावर उतरवू नका. पहिलं शील आठवतंय ना? बोट तुमची, तिथे काय शिजतं ते कुणी विचारत नाही. तिरफळं मात्र घरून न्यावी लागतील.

प्रश्न : क्लाइडमध्ये पाणबुड्या असतात असं ऐकलं. लहान बोटीला धोका असतो का?
— नाव नको, असं कळवणाऱ्या वाचक

उत्तर : असतात. फास्लेनचा पाणबुडी तळ याच आखाताच्या वरच्या अंगाला आहे आणि ॲरनभोवतीच्या पाण्यात सराव चालतो. भीती मुख्यतः जाळं ओढणाऱ्यांना. नोव्हेंबर १९९० मध्ये ‘अँटारीस’ या मच्छीमार बोटीचं जाळं ‘ट्रेंचंट’ या पाणबुडीत अडकलं, बोट बुडाली आणि चौघे गेले. तेव्हापासून सरावांची माहिती रेडिओवर आधी सांगण्याची पद्धत अधिक कडक झाली. तटरक्षकांच्या सागरी माहितीत ती ऐकू येते, ऐकावी. मागे जाळं नसलेल्या शिडाच्या बोटीने झोप उडवून घेण्यासारखं काही नाही. पाण्यातून दुर्बिणीचा दांडा वर आलेला दिसला तर आपली दिशा आणि वेग न बदलता पुढे जात राहा.

प्रश्न : आई पंच्याहत्तर वर्षांच्या आहेत, विपश्यना करतात. बेटाचं नाव ऐकल्यापासून मागे लागल्या आहेत. गुडघे दुखतात आणि बोट लागते. शिडाच्या बोटीत त्यांना कसं न्यावं?
— ॲबरडीनहून एक वाचक

उत्तर : नेऊ नका. मी शिडाची माणूस असून सांगते. मोठ्या फेरीने ब्रॉडिकला या; आर्ड्रॉसनहून साधारण पंचावन्न मिनिटं लागतात. (कधी कधी ही फेरी ट्रूनहून सुटते, तेव्हा तिकिटाच्या वेळी बंदर नीट बघा.) ब्रॉडिकहून लॅमलॅशला बस आहे, आणि लॅमलॅशच्या धक्क्यावरून उन्हाळ्यात बेटाची छोटी बोट सुटते. हे शेवटचं पाणी पाव तासाचंही नाही, पण बोट लहान आहे आणि वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात. म्हणून लॅमलॅशला दोन रात्री राहायची सोय करा, म्हणजे एक दिवस हुकला तरी आईंचा हिरमोड होणार नाही. चढउताराला नावाडी हात देतात, तरी पायरीची उंची भरतीवर असते. भरती असताना जाणं गुडघ्यांना सोपं.

शिखराचा, म्हणजे ३१४ मीटरच्या मुल्लाख मोरचा विषय काढूच नका. किनाऱ्याच्या वाटेने जमेल तेवढं जायचं आणि बसायचं. नेच्याच्या झुडपांतून टिक म्हणजे गोचीड चिकटतात, त्यामुळे पायमोजे वर ओढलेले हवेत, आणि रात्री गुडघ्यामागे, कंबरेला नीट तपासायचं. वारा पडला की मिजेस, म्हणजे बारीक चावरी चिलटं येतात. विपश्यनेत कितीही मुरलेला माणूस त्यांच्यापुढे हलतो.

केंद्रात राहून शिबिर करायची आईंची इच्छा असेल तर ते आधी ठरवून, त्यांच्याकडून होकार घेऊनच. आणि तिथलं ध्यान आईंच्या सवयीचंच असेल असं धरू नका.

प्रश्न : आमचा लॅब्राडोर गुणी आहे, बोटीत शहाण्यासारखा बसतो. त्याला बेटावर नेता येईल?
— ट्रूनहून एक वाचक

उत्तर : नाही. बेटावर एरिस्के जातीची तट्टं, पांढऱ्या सानेन शेळ्या आणि सोए मेंढ्या मोकळ्या फिरतात, त्यामुळे कुत्र्यांना बंदी आहे. कितीही गुणी असला तरी, आणि दोरी बांधलेली असली तरी. दोन तुकड्या करा. अर्धे लोक सकाळी जा, अर्धे दुपारी, आणि जे मागे राहतील त्यांनी कुत्र्याला लॅमलॅशच्या किनाऱ्यावर फिरवून आणा. स्वतःच्या डिंगीने, म्हणजे बोटीसोबतच्या छोट्या होडीने जाणार असाल तर ती बेटाच्या धक्क्याला बांधून ठेवू नका, तिथे फेरी लागते. बाजूच्या गोट्यांवर भरतीच्या रेषेच्या वर ओढा, आणि दोरी कशाला तरी बांधा.